माती चाखणारी

तिच्या तोंडाला फेस आला होता आणि जीभ अजून मातीने काळी होती. दुधाच्या जीपमध्ये मागे मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झालेली, अंग घामाने निथळत होतं, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. पुढे बसलेले आमचे मालक मागे न बघता म्हणाले, "पान लागलं म्हणायचं. दुसरं काय बोलू नगंस."

पान लागलं म्हणजे साप चावला. साप नव्हता. काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याची रिकामी पिशवी माझ्या कमरेला खोचलेली होती. जीपमध्ये चढताना ती का उचलली, सांगता येत नाही. दाखवायला की लपवायला, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

पोरगी शेतकी कॉलेजातली. तुम्ही असली पोरं पाहिली असतील, बांधावर वाकून पिशव्यांत माती भरणारी. बाप बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, घरची जमीन कुंडीएवढीसुद्धा नाही. आमचं रान इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठाला. पाणी आणि ऊस लावून लावून चोपण झालेलं. उन्हाळ्यात वर मिठाची पांढरी साय धरायची. तिला असलंच रान हवं होतं. मातीतला खार कशाने उतरतो ते बघायला तिने बारा वाफे आखले. चारांत जिप्सम, चारांत शेणखत, चार तसेच. सगळ्यांत मका.

"वाफ्यात काही टाकायचं नाही, मावशी. पाणीसुद्धा मला विचारून," हे तिचं रोजचं.

"व्हय गं. वारा बी तुला इचारूनच येतोय."

ती हसायची आणि वहीत वारासुद्धा लिहायची. माझी शेळी कुंपणातून डोकावली तेही लिहिलं होतं.

माती चाखायला मी शिकवलं. तिचे नमुने कॉलेजात जायचे, तिथून आकडा यायला आठवडे लागायचे. मी म्हटलं, "चिमूटभर जिभंवर ठिव. खारट लागली की समज. मग थुंकून टाक."

"आमच्या सरांना कळलं तर हसतील."

"हसू दे. त्यास्नी जीभ दिलीया ती नुसती बोलायलाच."

मग तिला तीच सवय लागली. वाफ्यावाफ्याला बसायची, डोळे मिटून माती चाखायची, दहापैकी किती खारट ते लिहायची. कॉलेजातला आकडा आला की पळत यायची. "मावशी, मशीन आणि जीभ एकच बोलतायत."

भाद्रपदात हुमणी लागली. ही अळी मुळं खाते, वरून पीक सुकत जातं. तिचा मका एकेक करून माना टाकायला लागला. पोरगी वाफ्यात उकिडवी बसून राहिली. "वर्ष गेलं, मावशी. बाबा अजून एक वर्ष शिकवणार नाहीत. स्थळं बघतायत." सरांना विचारून येते म्हणाली आणि गेली. दोन दिवस आली नाही.

उसाला हुमणीसाठी टाकायचं दाणेदार औषध घरात होतं. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना मी बाराही वाफ्यांत मूठमूठ टाकलं, मातीत कालवलं. तिला सांगायचं नाही असं ठरवलं. मका उभा राहिला म्हणजे झालं.

सकाळी मी धारेला बसले होते तेवढ्यात ती आली. मी चहा घेऊन रानात गेले तर ती अकराव्या वाफ्याशी होती. "आज सगळ्याच मातीला कसलातरी वास येतोय," लिहिता लिहिता म्हणाली. "चवही वेगळी लागतेय."

मी चहा दिला नाही. चूळ भर म्हणाले. का, ते सांगितलं नाही. तासाभरात ती बांधावर आडवी झाली.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय झालं. मालक म्हणाले, "साप, डॉक्टरसाहेब." डॉक्टर तिच्या पायांवर दातांच्या खुणा शोधायला लागला. आधी घोटा, मग पोटरी, मग दुसरा पाय. तो शोधत होता आणि तिचा श्वास घरघरत होता. मालक माझ्याकडे बघत होते.

मी पिशवी काढून टेबलावर ठेवली. "साप न्हाय. ह्ये मी मातीत टाकलं, हिनं ती माती चाखली. चाखायला मीच शिकवलं."

डॉक्टरने पिशवी वाचली आणि नर्सला हाक मारली. मालक बाहेर निघून गेले. पोलिसाने माझा जबाब घेतला, मी जसं झालं तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. बाप उशाशी बसला होता. तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याने बोलावं असं माझंही म्हणणं नव्हतं.

"कोणत्या वाफ्यांत टाकलंत?" तिने विचारलं.

"समद्या."

"सारखंच?"

"मूठमूठ."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. "मग चालेल," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखं असलं म्हणजे तुलना करता येते. वही द्या."

पेन तिच्या बोटांत ठरेना. मला म्हणाली, तुम्ही लिहा. मी चौथी शिकलेली. वही मांडीवर घेऊन लिहिलं: बारा वाफे. मूठमूठ औषध. न विचारता.

बापाने तिला परत आमच्या रानात पाठवलं नाही. मका कापायला कॉलेजचा माणूस आला, कणसं वाफ्यावाफ्याची वेगळी बांधून घेऊन गेला. पुढे ती पास झाली, का त्याआधीच तिचं लग्न लागलं, ते मला कळलं नाही. जगली, एवढं माहीत आहे.