दाजींच्या बारा मात्रा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतकी मन लावून काळजी करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. काळजीचं एखादं सरकारी खातं असतं तर दाजी तिथून मोठे साहेब होऊन निवृत्त झाले असते. नाशिकला इंदिरानगरच्या घरातून सातपूरच्या कारखान्यात जायला निघाले की गॅस बंद आहे का हे बघायला ते दोनदा जिना चढत. खोकला आला की छातीचा एक्स-रे काढत, आणि तो चांगला आला की डॉक्टरांनी घाईत बघितला असेल म्हणून दुसरीकडे जाऊन आणखी एक काढत. अशा माणसाने पार स्पेनमधलं फ्लॅमेंको गिटारवर वाजवायचं मनावर घ्यावं, याचा उलगडा आमच्या घरात कुणालाच झाला नाही.

घडलं ते असं. सत्त्याण्णवच्या सुमारास त्यांच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक स्पॅनिश इंजिनिअर आला आणि चार महिने राहिला. दाजी तिथे ड्राफ्ट्समन, त्यामुळे ड्रॉइंग घेऊन त्याच्या गेस्ट हाउसवर त्यांचं जाणं-येणं असे. एका संध्याकाळी त्याने गिटार काढली. दाजी सांगत, "माझ्या डोक्यात दिवसभर जे चालतं, ते हा माणूस बाहेर वाजवत होता." परत जाताना तो ती गिटार दाजींनाच देऊन गेला. शिकवताना त्याच्या तोंडून ऐकलेला एकेक शब्द दाजींनी देवनागरीत वहीत उतरवून ठेवला होता. त्या वहीचा एकमेव विद्यार्थी मी. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि हिंदी सिनेमातली दोन गाणी कशीबशी वाजवायचो.

पहिला धडा रास्गेआदोचा. मूठ मिटायची आणि करंगळीपासून एकेक बोट तारांवरून बाहेर उडवायचं. दाजी म्हणत, हात धुतल्यावर टॉवेल सापडला नाही की आपण बोटं झटकतो तसंच, फक्त रांगेने. मग पिकादो, म्हणजे एकेक सूर वेगळा काढायचा. त्यासाठी तर्जनी आणि मधलं बोट तारेवर आळीपाळीने चालवायचं. तेच बोट लागोपाठ दोनदा पडलं की दाजी मला थांबवत आणि जिन्यावर असं चाललास तर पडशील म्हणत. गोल्पे म्हणजे वाजवता वाजवताच अनामिकेने लाकडावर दिलेला ठोका. त्याने लाकडाला खड्डे पडतील या धास्तीने दाजींनी स्वतःचा एक एक्स-रे कापून गिटारवर चिकटवला होता. तिरप्या उजेडात तिथे दाजींच्या दोन बरगड्या दिसत. ताईचं म्हणणं, एवढ्या एक्स-रेंपैकी एक तरी कामी आला.

या सगळ्याला उजव्या हाताची नखं लांब लागतात. ती नखं म्हणजे दाजींच्या काळजीचं माहेरघर झालं. स्कूटरवर ते उन्हाळ्यातही हातमोजे घालत. वरण-भात चमच्याने खात. कुणी हात पुढे केला तर लांबूनच नमस्कार करत. एकदा दिंडोरीला एका मित्राच्या मळ्यात द्राक्षं खायला गेलो, तर घड तोडायला नख लागेल म्हणून आम्ही तोडून हातात देईपर्यंत दाजी वेलीखाली उभे. मळ्यातले आजोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हण्यांचा हात मोडलाय का? लय जपत्यात."

पण दाजींचा खरा जीव कॉम्पासमध्ये. कॉम्पास म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन. जोर येतो तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. माझी हटकून चूक व्हायची, कारण आपला कान एकवर सम शोधतो. दाजींना मात्र ते पहिल्या दिवशीच आलं होतं. "बारापर्यंत पोचायच्या आत चार ठिकाणी दचकायचं," ते म्हणाले. "मला ते वेगळं शिकावं लागलं नाही."

दोन हजार तीन साली ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ताई शाळेत मराठी शिकवायची. ऑपरेशन सरळ आहे, पण आवाजाची नस अगदी जवळून जाते, तेव्हा आवाजाचं आत्ताच काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईपेक्षा दाजींना कसं सांभाळायचं याचीच मला चिंता.

ऑपरेशनच्या सकाळी दाजी बाहेरच्या बाकावर गप्प बसून होते. दीड तास सांगितला होता. अडीच तास झाले तरी दार उघडेना. शेजारी दाजी बाकाच्या फळीवर बारा मात्रा मोजत होते, पण त्यांच्या बोटांचा आवाज नेहमीसारखा टणक येत नव्हता. मी बघितलं. पाचही नखं मुळापासून कापलेली होती.

"दाजी, हे काय?"

"महिनाभर तिला हात वर करायचे नाहीत," ते म्हणाले. "वेणी मलाच घालावी लागणार. टाके ताजे असतील. नख लागलं म्हणजे?"

मी त्यांच्या आवर्तनात हलक्या हाताने टाळ्या धरल्या, आणि कधी नव्हे ते माझं चुकलं नाही. मग दार उघडलं. गाठ साधी होती. आवाज मात्र बसला होता; परत येईल की नाही, ते वाट बघूनच कळणार होतं.

पुढचे सहा-सात महिने ताईला हाक मारता येत नव्हती. स्वयंपाकघरातून ती टाळी वाजवायची, एक टाळी म्हणजे इकडे या आणि दोन म्हणजे चहा झाला. दाजी बाहेरच्या खोलीतून नखांशिवाय, बोटांच्या मऊ टोकांनी, गिटारवर उत्तर द्यायचे. महिना उलटला तरी नखं न वाढवता रोज सकाळी तिची वेणी घालायचे. ती वेणी इतकी घट्ट असायची की ताईच्या भुवया वर चढायच्या, पण तिने कधी तक्रार केली नाही.

हळूहळू आवाज परत आला. ताई पुन्हा शाळेत जाऊ लागली, पुन्हा दुसऱ्या खोलीतून दाजींना हाका मारू लागली. परवा नाशिकला गेलो होतो. ताई आतून काहीतरी विचारत होती, दाजी गिटार मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते. मी म्हटलं, आता तरी तुमच्या मागची काळजी संपली. त्यांनी आत एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ती टाळ्या वाजवायची ना, ते दिवस मला बरे वाटायचे," ते म्हणाले. "आणि असं वाटतं, याचीच आता काळजी वाटते."