बाजाराच्या दिवशीची रजा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कोणाचं असेल, तर ते मेडिकल कॉलेजातल्या आमच्या सर्जरी युनिटच्या रजिस्ट्रारचं. नागपुरात आम्ही वरच्या वर्षाच्या डॉक्टरांना 'बॉस' म्हणत असू. इथेही त्यांना तेच म्हणतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवापूरच्या शाळेतून आलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील मिरचीच्या अडत्याकडे पोती उचलत. शस्त्रक्रियेच्या एम.एस.साठी प्रबंध लिहावा लागे. त्यावर मार्गदर्शक सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. मी विषय घेतला हर्नियाचा. ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा ओझी उचलू लागला, तर हर्निया परत येतो का, हे मला पाहायचं होतं. वडिलांच्या सोबतीच्या हमालांपैकी कितीतरी जण पोटाला पट्टा बांधून काम करत.

पण रोगी घरी गेला की परत येत नसे, आणि ओपीडी, ऑपरेशनं, कॅज्युअल्टी यांतून मला त्याच्यामागे जायला सवड नव्हती. म्हणून मी सगळ्यांना कार्डं पाठवली: दुखतं का, फुगवटा आहे का? उत्तरं भराभर आली. "आपल्या कृपेने सर्व ठीक आहे. आपली प्रकृती कशी आहे?" मी खूश झालो.

मग एक दिवस त्यांतलाच एक शेतकरी जांघेवर हात दाबून ओपीडीत उभा राहिला. हर्निया परत आला होता.

"अहो, तुम्ही तर ठीक आहे म्हणून लिहिलं होतं!"

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही एवढं आठवणीनं कार्ड टाकलं, अन् मी त्यावर दुखणं लिहू काय? चांगलं दिसते काय ते?"

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कार्डं बाजूला ठेव. स्वतः हात लावून, खोकायला लावून तपासलेला रोगीच मोजायचा. नाहीतर मी सही करणार नाही."

वॉर्डाच्या जिन्यात बॉस भेटले.

"काहून बे, तोंड कायले पाडून राहिला?"

मी सगळं सांगितलं.

"तुझे रोगी बहुतेक तिकडचेच ना? मग बाजाराच्या दिवशी भिवापूरले जाय. सगळे एकाच जागी सापडतीन. तुझी ड्यूटी मी करतो."

"बॉस, त्या दिवशी आपल्या युनिटचा ऑपरेशनचा दिवस असते."

"तेच म्हणतो. तुझ्या हातची ऑपरेशनं जातीन. चालते काय, बोल."

शिकणाऱ्या सर्जनला याहून कठीण प्रश्न नसतो. मी हो म्हणालो.

प्रत्येक रोग्याला काही महिन्यांच्या अंतरानं दोनदा तपासायचं होतं, म्हणजे दोन फेऱ्या. अडत्यानं गोदामामागची खोली दिली. वडील बाजारात फिरून माणसं धरून आणत. हर्निया तपासताना रोग्याला खोकायला सांगतात. तिथे ते सांगावंच लागत नसे. मिरचीच्या ठसक्यानं रोगी खोके, मी खोके, दाराशी उभे वडील खोकत. एक म्हातारा म्हणाला, "आधी तुमचाच खोकला पाहा गा डॉक्टर, मग माह्यं पोट!"

परतलो की मित्र विचारत, "काय मिरचीवाले, आमच्यासाठी पावभर आणली काय?" मी हसे. त्यांचे हात ऑपरेशनला सरावत चालले होते, माझे मागे पडत होते. बॉसची रजिस्ट्रारकीची मुदत संपत आली, तरी ते माझी ड्यूटी करतच राहिले. माझी दुसरी फेरी झाली तेव्हा ते एका लहान गावच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले.

प्रबंधावर सही करताना सर म्हणाले, "तुला ठाऊक आहे? त्याला दक्षिणेत हृदयाच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घ्यायला बोलावलं होतं. दिवाळीआधी रुजू व्हायचं होतं. मी म्हटलं, जा. म्हणाला, पोराची दुसरी फेरी होऊ द्या. तिकडच्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली."

खोलीवर येऊन पत्र लिहिलं.

"बॉस,

आज सरांनी सही केली. ज्यांचा हर्निया परत आला, त्यांतले बहुतेक टाके निघताच ओझी उचलायला गेले होते. आता रोग्याला सोडताना त्याच्या घरच्यांनाही समोर बसवून हे सांगायचं, असं सरांनी ठरवलं आहे. वॉर्डात सुरुवातही झाली.

तुमच्या जागेचंही आजच कळलं. मला विचारलं असतं तर मी भिवापूरला गेलो नसतो, आणि म्हणूनच तुम्ही विचारलं नाही. आभार मानायला बसलो होतो, पण राग येतो आहे, आणि तो कोणावर काढावा ते समजत नाही.

तुमच्याकडे दुसरा सर्जन नाही म्हणतात. परीक्षा झाली की मी येतो. वरच्यांची परवानगी तेवढी काढून ठेवा. तुमचं काम मी पाहीन, तुम्ही दक्षिणेत जाऊन पुन्हा विचारून या. जागा मिळेलच असं नाही, पण विचारून या. माझा हात अजून कच्चा आहे. अवघड केस आली तर नागपूरला पाठवीन, उगाच धाडस करणार नाही.

तुमच्या गावाला एसटी कुठून सुटते, तेवढं कळवा."