मानाचा नारळ आणि माझा गप्प नवरा

निवृत्तीनंतर आमच्या ओळखीतल्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी पुरातत्त्वाच्या हौशी वर्गाला गेले. कारण खरं सांगायचं तर घरात दोन वर्षं माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. दगडही बोलत नाहीत, पण त्यांच्याकडून निदान तशी अपेक्षा नसते.

न बोलणारा म्हणजे अरविंद, माझा नवरा. बँकेच्या नाट्यस्पर्धांतला हुकमी राजा. जुनी संगीत नाटकं त्याला नांदीपासून भरतवाक्यापर्यंत पाठ. घशाचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला आणि उरली ती खरखरीत कुजबुज. डॉक्टर म्हणाले, जितकं बोलाल तितकं बरं. याने ऐकून घेतलं आणि तोंड मिटलं. माझ्याशी कामापुरते दोन शब्द, परक्यांसमोर एकही नाही. फोन वाजला की माझ्याकडे सरकवायचा, मुलीचासुद्धा. सोसायटी, दूधवाला, नातेवाईक, सगळ्यांशी त्याच्या वतीने मीच. हा माणूस असाच आतल्या आत विझणार, या भीतीने मी आणखी मोठ्याने बोलायचे.

वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, की रोह्याकडे, खांब फाट्याच्या आत एका गावात देवळापुढे वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. त्याचे नीट फोटो कोणी काढलेले नव्हते. झालं, मला तेवढं पुरे होतं. अरविंदला म्हटलं, "गाडी चालवायला येतोस?" मान हलली. तो उत्साह समजून मी बॅगा भरल्या.

जानेवारीतला शनिवार, ठाण्याहून उजाडता उजाडता निघालो. रस्त्याबद्दल विचाराल तर मुंबई-गोवा हायवे हा आमच्या वर्गाने अभ्यासाला घ्यावा. डांबराखाली खडी, खडीखाली जुनं डांबर, त्याखाली आणखी जुनं आश्वासन, सगळे थर उघडे. जाणाऱ्यांनी वेळ हातात ठेवावा आणि कंबरेला पट्टा बांधावा.

पेणला थांबलो. गणपतीच्या कारखान्यांत जानेवारीतही काम जोरात होतं, रांगेने बिनरंगाच्या मूर्ती, सगळ्यांचे डोळे आखायचे बाकी. पुढे पापडांच्या दुकानात मिरगुंडं घेत होते. दुकानातली बाई अरविंदला विचारत होती, पापड पोह्याचे देऊ की उडदाचे? त्याने बोट दाखवलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काका बोलत नाय का?"

"बोलतात, पण निवडक," मी म्हटलं.

तिला बिचारीला काय कळणार! तिने अरविंदकडे वाकून, बहिऱ्याला सांगावं तसं ओरडून सांगितलं, "तळताना तेल चांगलं तापवा, काका!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. अरविंद कानापर्यंत लाल झाला आणि गाडीत जाऊन बसला. मला तिचा राग आला, त्याचाही आला, आणि मिरगुंडं मात्र मी दोन पाकिटं जास्त घेतली.

वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड आणि उजवीकडे आत. वरशाच्या नव्या इमारती दिसल्या, की रोहा आलं समजा. पूल ओलांडून अष्टमीत एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सांगितल्यावर येतं, आणि सांगायला मी होतेच. दोघांचं जेवण तीनशेच्या आत झालं: तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, सोलकढी. जेवल्यावर कुंडलिकेच्या काठाने फिरलो. मी नदीवर, प्राचीन बंदरांवर आणि व्यापारी मार्गांवर बोलत होते. अरविंद पाणी बघत होता. लॉजवर परतताना मनात आलं, एवढा पल्ला मारून मी फक्त भाषणाची जागा बदलली.

रविवारी सकाळी गावात पोचलो. (गावात हॉटेल नाही, पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा. वळणावर पाटी नाही, वालाच्या शेतातल्या माणसांना विचारा, ती थेट देवळापर्यंत आणून सोडतात.) वीरगळ होता, आणि काय सुंदर होता! खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा, टोकाला चंद्रसूर्य. फक्त त्याला लागून बांबू आणि फळ्यांचं स्टेज उभं होतं. पडद्याची कड वीराच्या डोक्यावर पदरासारखी आलेली.

"आज नाटक हाय आमचं," अनंतदादा म्हणाले. ते नाटकाचे दिग्दर्शक, त्यातले ऋषी, आणि एरवी कंपनीत ऑपरेटर. "जत्रेचं. गावच्या मास्तरांनी लिव्हलेलं, संगीत. आमच्या आज्यापासून चालू हाय."

"रात्री?"

"नाय हो ताई, दुपारी. रात्री राजाची थर्ड शिफ्ट हाय."

चहा आला. अरविंदने हाताने आभार मानले, वीराला हात जोडले, पडद्यावरचा राजवाडा निरखला. मी मोजपट्टी काढून दगडाच्या मागे लागले. तेवढ्यात मांडवात गडबड उडाली. प्रॉम्प्टर महादू येणार नव्हता. पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आला नाही म्हणून कंपनीने त्याला डबल शिफ्टला थांबवलं होतं.

"मग दुसरं कुणी वाचेल की," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी वीराला हलवा म्हटलं. अनंतदादांनी समजावलं. या गावात पाठांतराची पद्धतच नाही. राजापासून दासीपर्यंत सगळे प्रॉम्प्टरच्या तोंडाकडे बघून बोलतात, म्हणून खरा मान त्याचा. तो वीराला पाठ लावून बसतो, आणि सकाळी उठल्यापासून त्याने मौन धरायचं असतं. "नाटकातलं बोलणं वीराच्या तोंडचं, ताई. त्यात बाजारातलं मिसळायचं नाय."

आणि गावात सकाळपासून न बोललेलं माणूस उरलंच नव्हतं. महादूची बायको पदर कमरेला खोचत म्हणाली, "जत्रेच्या दिवशी गप कोन बसतंय गो!"

अनंतदादांची नजर फिरत फिरत अरविंदवर थांबली. "काका, मघापासून बघतोय मी. चहा घेतला, वीराला हात जोडले, पण तोंडातून शब्द नाय. तुमचं मौन हाय ना?"

माझं तोंड उघडलंच होतं. ऑपरेशन, गाठ, आवाज, सगळं पाठ असलेलं भाषण ओठांवर आलं होतं. अरविंदने माझ्याकडे न बघता तळहात वर केला आणि अनंतदादांना होकाराची मान हलवली. खोटं कसं म्हणू? मौन होतंच की, दोन वर्षांचं! मी तोंड मिटलं. ते किती जड जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्याला वीरापाशी घोंगडीवर बसवलं, कपाळाला गुलाल लावला, हातात नाटकाची प्रत दिली. नांदी झाली, राजा आला, पेटीवाल्याने सूर धरला आणि राजा अरविंदकडे बघत उभा राहिला. पेटी तोच सूर घोळवत राहिली. देवा, आता हा उठून निघून गेला तर? मग आली ती कुजबुज. खरखरीत, बारीक, पण एक एक अक्षर सुटं. राजाने ते उचललं आणि मांडव हादरेल अशा आवाजात म्हटलं. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. पदाच्या जागी तर अरविंद प्रतीकडे बघेनासा झाला, हाताने ताल देत शब्द पुरवायला लागला. राणी डोक्यावर पदर घ्यायचं विसरली तर तिला डोळे वटारले. मी रडले. विचारणाऱ्यांना धुळीचं कारण सांगितलं.

माझ्याशेजारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "महादू बोलला की आमाला नाटक दोनदा ऐकू येतंय. ह्ये काका बरे हायत."

भरतवाक्य झालं. आता प्रॉम्प्टरने मौन सोडायचं, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून आपलं नाव आणि गाव सांगायचं, मग मानाचा नारळ. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी गाडी सुरू करून ठेवली असती. अरविंद वीराला धरून उठला. "अरविंद," तो म्हणाला, फाटक्या, घोगऱ्या आवाजात. "ठाणं."

कोणी हसलं नाही. म्हातारी हळहळली, "आवाज बसला गो बिचाऱ्याचा! सगलं नाटक एकटा बोलला. चहात आलं टाका जरा." आणि खरंच आल्याचा चहा आला.

परतीला त्याने आपणहून पेणला त्याच पापडांच्या दुकानापाशी गाडी थांबवली. मला म्हणाला, "बस तू." काचेतून दिसत होतं, तो वाकून काहीतरी विचारतोय आणि ती बाई डोळे विस्फारून ऐकतेय. पोह्याचे पापड आणले. "तेल चांगलं तापवायचं म्हणे," एवढाच अहवाल मिळाला.

लगेच तो गायला लागला वगैरे समजू नका. आवाज तोच आहे, आणि पाव्हण्यांसमोर अजून अडखळतो. नारळाची मी चटणी केली. वर्गात फोटो दाखवले, तर सर वैतागले, कारण लढाईचा कप्पा पाठ टेकून बसलेल्या एका माणसाने झाकला होता. "या गृहस्थांना बाजूला करता आलं नाही का?" मी म्हटलं, नाही, ते कामात होते.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी सवयीने हात पुढे केला. अरविंदने फोन उचलून स्वतःच्या कानाला लावला. पलीकडून ती दोनदा "बाबा?" म्हणाली, मग बहुतेक मला बोलवायला सांगितलं असावं.

"आई कामात आहे," तो म्हणाला. "माझ्याशी बोल."

मी त्याच्यासमोरच बसले होते, हात पुढे केलेला, काहीही न करता.