जाऊबाईंना वाईन मऊ का लागली

माझ्या थोरल्या जाऊबाई बसस्थानकावर सूचना सांगण्याचं काम करायच्या. त्यांचा चेहरा फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता, आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. भाजीच्या दुकानात त्या नुसतं "अर्धा किलो टोमॅटो" म्हणाल्या तरी शेजारचा माणूस दचकून आपली बॅग उचलायचा. निवृत्तीनंतरही त्यांचं प्रत्येक अक्षर धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखं असे.

आम्ही दोघी मागेपुढे विधवा झालो, तेव्हा त्या वरच्या मजल्यावरून खाली माझ्याकडे राहायला आल्या. येताना आपला एक नादही घेऊन आल्या. महिन्यातून एकदा वाईनवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत चारदोन माणसं जमत आणि वाईनची चव घेत. मी नुसती बघायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले.

खोली खोक्यांनी भरलेली. मध्ये लांब टेबल, त्यावर रंग नीट दिसावा म्हणून पांढरा कागद, आणि कोपऱ्यात सिंक. जमणारे म्हणजे वाईनवाला, औषधांचं दुकान चालवून दमलेले औषधवाले, एक ग्रंथपाल बाई आणि आम्ही दोघी. सुरुवात नेहमी त्याच वाईनने व्हायची. ऑस्ट्रेलियातली शिराझ नावाची लाल वाईन, फिरकीच्या झाकणाची, दुकानातली सगळ्यांत खालच्या फळीवरची. वाद्य आधी सुरात लावतात, तशी ही जीभ लावायची वाईन, असं वाईनवाला म्हणे. प्रत्येकाने गुपचूप आपापली टिपणी लिहायची, मग एकेकाने वाचायची. दुसऱ्याचं ऐकून आपलं बदलायचं नाही, हा तिथला कडक नियम.

वाईन तीच असल्यामुळे टिपण्याही जवळपास त्याच असत. औषधवाले लिहीत, "खोकल्याचं औषध, साखर वजा करून." ग्रंथपाल बाई लिहीत, "पिकलेला आलुबुखार, नुकतं टोक काढलेली पेन्सिल." जाऊबाई लिहीत, "तुरट. टाळू आवळते आणि बराच वेळ सोडत नाही." मी "चांगली" लिहिलं की सगळे मिळून मला बोल लावत.

गेल्या हिवाळ्यात जाऊबाईंचे वरचे सगळे दात काढावे लागले आणि पूर्ण कवळी आली. महिनाभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. आरशासमोर उभ्या राहून "सकाळची सात सव्वीसची" घोकत राहिल्या, स पुन्हा पूर्वीसारखा सुटेपर्यंत.

"धाकटे, बाहेर एक शब्द गेला ना, तर तुझी खैर नाही," मला बजावलं.

माझी काय बिशाद!

पुढच्या बैठकीला त्यांनी आपली टिपणी वाचली. "मऊ. गुळगुळीत. तुरटपणा नाहीच म्हणा ना."

"मॅडम, आम्ही वाईन प्यायलो. तुम्हाला चुकून सरबत दिलं वाटतं," औषधवाले म्हणाले.

"तुमच्या जिभेवर आयुष्यभर गोळ्यांची पूड बसलीय. तुम्ही बोलूच नका."

सगळे हसले. पण त्यानंतरच्या महिन्यातही जाऊबाईंचं "मऊ"च. या खेपेला त्यांनी माल खराब आल्याचा आरोप केला. वाईनवाल्याने निमूटपणे दुसरी बाटली फोडली. तीही मऊ. बाकीचे तोंड आवळून एकमेकांकडे बघत होते. ग्रंथपाल बाईंनी जाऊबाईंच्या हातावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्याने म्हणाल्या, "ताई, होतं हो असं वयानं. पुढच्या वेळी तुम्ही नुसतं ऐका हवं तर."

वाईनवाल्याने ती उघडलेली बाटली आमच्याबरोबर दिली. घरी आल्या आल्या जाऊबाई मला म्हणाल्या, "मी डोळे मिटते. तू जिभेवर काहीतरी ठेव."

मी चिमूटभर मीठ ठेवलं. "मीठ." मग साखर. "साखर." थोडी कॉफीची पूड. "कॉफी, आणि तीही जुनी. नवा डबा फोड."

"मग झालं तर! सगळं तर कळतंय तुम्हाला."

"मग तुरटच तेवढं कुठे गेलं?" त्या खुर्चीत बसल्या. "धाकटे, माझ्या आईची आधी चव गेली होती. दोनदोनदा मीठ घालायची, आम्ही हसायचो. मग नावं गेली. मग माणसं. एकदा मलाच म्हणाली, 'बाई, माझी बस कितीची आहे?'"

त्या दिवसापासून माझं लक्ष लागून राहिलं. जाऊबाई भांडी पुसता पुसता पुटपुटत असत. कान देऊन ऐकलं, तर त्या जुन्या मार्गांवरचे थांबे ओळीने म्हणत होत्या. एखादा अडला की हात थांबायचा, आणि माझाही जीव टांगणीला लागायचा.

मग कवळी लागून टाळूच्या कडेला जखम झाली. दाताच्या डॉक्टरांनी कवळी थोडी घासून दिली आणि जखम भरेपर्यंत काढून ठेवायला सांगितलं. एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. जाऊबाईंनी ती उरलेली वाईन ओतली. "वाया कशाला घालवायची मेली," म्हणत घोट घेतला आणि ओरडल्याच.

"धाकटे! आवळलं गं!"

"जखमेला झोंबलं असेल."

"झोंबणं मला कळत नाही होय?"

तरी माझी शंका त्यांनाही पटली. जखम पुरती भरेपर्यंत आम्ही दोघींनी कळ काढली आणि मग नवी बाटली आणली. कवळी घालून घोट घेतला: मऊ. काढून घेतला: टाळू खरखरीत. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी कवळी हातात धरून त्यांनी ती उजेडात उलटी केली. गुलाबी, गुळगुळीत, टाळूभर पसरलेली.

"मी टाळूवर छप्पर घातलंय गं! आणि पाऊस का लागत नाही म्हणून विचारतेय." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आईसारखं नाही."

"नाही," मी म्हटलं.

पण हे घरात कळून काय उपयोग? तिकडे त्यांची गणती चळायला लागलेल्यांत झाली होती. खरं कारण सांगायचं तर दात दाखवावे लागणार, आणि दात झाकायचे तर डोकं गेलं असं लोकांना समजू द्यायचं. बैठकीच्या सकाळी मी विचारलं, "जायचंय ना?" त्या नुसत्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

खोलीत ग्रंथपाल बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची जराशी मागे, भिंतीजवळ ठेवली होती. जाऊबाईंनी ती ओढून टेबलाशी आणली. "मला एक ग्लास पाणी द्या," त्या वाईनवाल्याला म्हणाल्या. त्याला वाटलं, चूळ भरायला. त्यांनी तोंड फिरवलं नाही की हात आड धरला नाही. कवळी काढून सरळ ग्लासात सोडली, वाईनच्या ग्लासांच्या रांगेत. गाल खाली बसले. मग घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"तुरट," त्या म्हणाल्या. त स्वच्छ आला नाही. तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "टाळू आवळते. माल चांगला आहे. माझी तक्रार मागे."

सगळ्यांत आधी वाईनवाला वाकला आणि ग्लासाशी डोळे नेऊन बघत राहिला. "म्हणजे हे टाळूला कळतं? मी इतकी वर्षं विकतोय, मला वाटायचं सगळं जिभेवरच."

"छे, हिरड्यांना कळतं," औषधवाले म्हणाले.

"टाळूला."

"हिरड्यांना, मॅडम."

"तुमचे काढून या, मग वाद घाला."

ग्रंथपाल बाई लाजून हसल्या आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, एकदा घालून आणि एकदा काढून, असं दोन्ही सांगाल का? मला लिहून घ्यायचंय." जाऊबाईंनी सांगितलं. एकात मऊ, दुसऱ्यात तुरट.

"मग यातली खरी टिपणी कुठली धरायची?" औषधवाल्यांनी विचारलं.

"दोन्ही. दोन्ही घोट मीच प्यायले ना?"

एवढं बोलून त्यांनी वाईनवाल्याला पुढची बाटली उघडायला सांगितली. दात ग्लासातच राहू दिले.