वेल्डिंगची काच

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकणारा एक कारागीर पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडू लागला. वेल्डिंगच्या यंत्राने त्याचे घर सावरले, मुलांनाही तोच उद्योग लाभला. तरी जवळून बैल गेला की त्याची मान खाली जाई.

एकदा माझ्यादेखत एका शेतकऱ्याने आपला लंगडणारा बैल त्याच्यापुढे आणला.

"हत्यारं इकली, राव," कारागीर पुटपुटला.

"लई मोठं झालात की, भाऊ," शेतकरी म्हणाला.

मी कारागिराला समजावले, "उद्योग बदलणे हा अधर्म नव्हे."

"तसं न्हाई, गुरुजी. ह्यांच्याच खुरांवर माझी पोरं वाढली."

बैलाने ओळखीने त्याचा हात चाटला. त्याने वेल्डिंगची काच उचलून तोंडासमोर धरली. यंत्र तर बंद होते.