ओलं ताट

माझ्या सासूबाई खोटं बोलतात, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. “मह्यं जेवन झालं, तुम्ही बसा,” म्हणायच्या आणि आमचा विश्वास बसावा म्हणून एक ताट विसळून मांडणीत लावायच्या. ताट ओलं, पण दुरडीतल्या भाकरी जशाच्या तशा!

हसनाबादला माहेरी भावंडांत त्या थोरल्या. दुष्काळात भाकरी कमी नि खाणारी तोंडं जास्त, तेव्हा धाकट्यांना पुरावं म्हणून ही युक्ती काढलेली. आता जालन्यात आमच्याकडे ज्वारीची पोती आहेत, दोघांचे पगार आहेत, तरी सवय काही सुटेना. त्यात शुगर. उपाशीपोटी गोळी घेतली आणि एकदा घामाघूम होऊन ओट्यापाशीच खाली बसल्या. डॉक्टरांनी मला झापलं, मी घरी येऊन त्यांना झापलं. हो, सासूला! मग अबोला. मला वाटायचं, सुनेच्या हातचं यांना गोड लागत नाही. त्याचा राग होता आणि पुढच्या वेळी उठल्याच नाहीत तर, ही भीतीही होती.

शेवटी परतूरहून त्यांच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. मामा म्हणजे पांढऱ्या मिशांचं लाडावलेलं लेकरू. आल्या आल्या ताट वाढलं गेलं.

“जेव बाबा, मह्यं झालं.”

मामांनी मांडणीतलं ओलं ताट पाहिलं आणि आपलं ताट बहिणीपुढे सरकवलं. “मह्यंबी झालं.”

“कव्हा? आत्ता तर आलास!”

“आक्का, तवाबी तुव्हं ताट असंच नुसतं ओलं राहायचं. मला ठाऊक व्हतं.”

सासूबाईंनी विचारलं, “मंग बोलला का न्हाईस?”

मामांनी मान खाली घातली. “भूक लागल्ती.”

मला तर गलबलून आलं. सासूबाई मात्र अशा हसत सुटल्या, की पदराने डोळे पुसायची वेळ आली. “लबाडा! बोलला असतास तर मलाबी अर्धी भेटली असती की!” म्हणत त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

मग ताटातली भाकरी मोडली. लहान तुकडा भावाला दिला, मोठा स्वतःकडे ठेवला आणि मला म्हणाल्या, “बघत काय बसलीस? ठेचा आण जल्दी.”