पीरमहंमदची केसाळ तबकडी

कवठे महांकाळच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि लागूनच पीरमहंमद शिकलगाराचं. बोलायचं काम माझं, हातांचं त्याचं. शहाण्णव साल असेल. आखातातून येणारे लोक सीडी प्लेअर आणायचे आणि आमच्याकडच्या धुळीनं महिन्याभरात त्यांची लेन्स आंधळी व्हायची. आम्ही सगळे यंत्र उघडून पुसायचो. ह्या गड्यानं सीडीच्या तबकडीलाच शेळीच्या करडाच्या कानाचे केस चिकटवले, तेही मागं झुकलेले. तबकडी फिरली की लेन्स साफ, ओरखडा नाही. दोन वर्षं खपला त्यापायी.

पेटंटचा अर्ज मुंबईला गेला. एका कंपनीनं हरकत घेतली आणि कचेरीनं अर्ज फेटाळून लिहिलं, धंद्यातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं. पीरमहंमदनं हायकोर्टात अपील केलं.

मग त्या कंपनीचा एक सफारीवाला माझ्याकडे येऊन बसू लागला. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. शिराळ्याच्या नागाची गोष्ट दोनदा सांगितली, दोन्ही वेळा हसला. तबकडीचा विषय निघाला की मात्र हसू थांबायचं आणि वही उघडायची.

पीरमहंमदची बायको महेजबीन दारातून म्हणाली, "आण्णा, त्याला च्या पाजू नका. आमच्याकडं बघतो, पण नजरंला नजर देत न्हाई."

"आगं, मीच त्याला गुंडाळतोय."

चौथ्या खेपेला त्यानं हळूच विचारलं, "तबकडी बघून तुम्हाला कळायला किती वेळ लागला?"

"त्यात काय हाय? बघताक्षणी कळलं. मलाबी सुचलंच असतं, सवड नव्हती."

दोन दिवसांनी तेच टाईप होऊन आलं. माझ्यासारख्या सातवी पास माणसाचं बोलणं, शब्दाला शब्द. तहसील कचेरीत जाऊन मी शपथेवर सही ठोकली.

मुंबईच्या कोर्टात कंपनीचा वकील ते वाचू लागला, तेव्हा मी पीरमहंमदशेजारीच बाकावर होतो. मान न वळवता तो म्हणाला, "आण्णा, बघताक्षणी कळलं हुतं व्हय?"

"न्हाई रं. आठ दिवस लागलं. तवाबी तूच उलगडून दावलंस."

"मग ह्यांना तसं का न्हाई सांगितलं?"

उठून ओरडावंसं वाटलं, पण कागदावर सही माझीच होती. "शेजारच्या कारागिराचंच हे म्हणणं आहे," एवढं बोलून न्यायाधीशांनी अपील फेटाळलं.

मिरजेच्या गाडीत तो समोर बसला. कऱ्हाड गेल्यावर शांतपणे म्हणाला, "आण्णा, सांगा की कायतरी."

मी शिराळ्याच्या नागाची गोष्ट काढली आणि अर्ध्यातच सोडली.